काकूंनी नेलेले डबे

सोमवार, ४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. बायकोचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, बाकी तक्रार नाही. भावोजींचा खोकला गेला का?

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघून आधी वाटलं, पोस्टमनने कुणा दुसऱ्याचं आमच्याकडे टाकलं. मग ती उजवीकडे चढत जाणारी ओळ पाहिली आणि जिन्यातच बसलो. फोनवर आपण दोघंही 'बाकी काय' म्हणतो आणि गप्प बसतो, त्यापेक्षा हे बरं आहे. तू एकच विचारलं आहेस. बाबांच्या मागे त्यांचं काही उरलंय का, आणि उरलं असेल तर त्यातलं काहीतरी एक मला देशील का. त्याबद्दल नीट लिहायचं आहे गं. कपाटं आवरून झाली की लिहितो. सध्या माझं डोकं ठिकाणावर नाही आणि त्याचं कारण ऐकून तू हसशील.

आमच्या मजल्यावर माझे डबे चोरीला जातात. आणि परत येतात.

तुला माझं काम कधी धड कळलं नाही, म्हणून सांगतो. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा मऊ ठसा घेतात, ओल्या कापडात गुंडाळतात आणि डब्यात घालून माझ्याकडे पाठवतात. मी त्यात प्लास्टर ओततो. ते सुकलं की त्या माणसाचा जबडा माझ्या टेबलावर तयार. मग त्या साच्यावर मी कवळी बनवतो. ठसा मात्र थांबत नाही. वेळेत प्लास्टर ओतलं नाही तर तो आक्रसतो आणि मग कवळी दुसऱ्याच कुणाची तरी होते. कुरिअरवाल्याला चार जिने चढून दार उघडेपर्यंत थांबायला वेळ नसतो. तो पॅसेजमध्ये डबा ठेवतो, बेल वाजवतो आणि पळतो. मी हातातलं मेण खाली ठेवून येईपर्यंत डबा गायब!

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच डबा दाराशी असतो. आतलं सगळं जागच्या जागी. फक्त चिकटपट्टी बदललेली, आणि तीही माझ्याहून सुबक लावलेली, टोक दुमडून, म्हणजे काढताना नखाला त्रास नको.

"चोर आहे की पोस्टाचा साहेब?" बायको म्हणते. "अहो, घेतलं तर घेऊन जावं ना माणसानं. नीट चिकटवून परत कशाला द्यायचं?"

मी आठवडाभर दाराच्या भिंगाला डोळा लावून उभा राहिलो. शेवटी दिसलं. समोरच्या काकू. ताई, तू त्यांना पाहिलं आहेस, बाबांच्या वेळी तू आलीस तेव्हा खुर्च्या त्यांच्याकडूनच आणल्या होत्या. त्या बाहेर आल्या, इकडेतिकडे पाहिलं, डबा पदराखाली घेतला आणि आत गेल्या. दाराचा आवाजसुद्धा केला नाही.

मी तावातावाने त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, म्हणाल्या, "अरे ये ये, चहाच टाकत होते." मी चहा प्यायलो, त्यांच्या नळाचा वॉशर बदलून दिला आणि परत आलो. डब्याचं नाव काढलं नाही. बायकोने विचारलं, "झालं बोलणं?" मी म्हणालो, "झालं." खोटं बोलणं मला इतकं सोपं कधी झालं, तेच कळत नाही.

आता तूच सांग, मी काय करू? तुला असल्या गोष्टी बरोबर कळतात. लहानपणी माझी पेन्सिल कोणी घेतली ते तू न पाहता सांगायचीस.

तुझा,
बारक्या

*

रविवार, १७ मार्च

प्रिय ताई,

तुझं उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. 'सरळ विचार, माणसं विचारलं की सांगतात' असं तू लिहिलंस. तुला हे सोपं वाटतं याचं मला नेहमीच आश्चर्य वाटत आलं आहे. कपाटांबद्दलही तू पुन्हा विचारलं आहेस. कपडे देऊन टाकले होते. चष्मा बायकोच्या हातून फुटला. बाकी सांगतो, आधी हे ऐक.

डॉक्टरांचा फोन आला. एका बाईंना कवळी बसत नाही, बोलताना खाली येते. दोनदा बनवली, दोनदा तेच. डॉक्टर म्हणाले, "हे तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं. आणखी एक केस अशी गेली तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." माझ्याकडची निम्म्याहून जास्त कामं त्यांचीच आहेत. मी 'हो' म्हणालो. आता काय, माझी शेजारीण तुमच्या पेशंटचं तोंड रात्रभर घरी ठेवते असं सांगू?

म्हणून परवा दुपारी बेल वाजल्या वाजल्या धावलो. डबा गेलाच होता, पण काकूंचं दार पूर्ण लागलं नव्हतं. मी ढकललं.

जेवणाच्या टेबलावर डबा उघडा होता. ओलं कापड बाजूला. काकूंनी चष्मा कपाळावर चढवला होता आणि तो गुलाबी ठसा डोळ्यांच्या अगदी जवळ धरून त्या आतलं वाचत होत्या. ठसा वाचत होत्या, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. मला पाहून त्या दचकल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हा पण ह्यांचा नाही ना?"

माझी दातखीळ बसली. धंदा दातांचा, आणि ही अवस्था!

मग त्या बोलल्या. त्यांचे यजमान, म्हणजे रेडिओ दुरुस्त करायचे ते काका, गेल्या वर्षी बाबांच्या थोडं आधी गेले. त्यांची कवळी मीच बनवली होती. त्या वेळी काकांचा डबा डॉक्टरांकडून माझ्याकडे, माझ्याकडून डॉक्टरांकडे असा तीन-चारदा फिरला होता, आणि दर वेळी पॅसेजमध्ये ठेवलेल्या डब्यावर काकांचं आडनाव असायचं. काकूंनी ते पाहिलं होतं. त्यांनी मनाशी हिशोब केला की हे डबे असेच फिरत असतात, माणूस गेला तरी त्याचा डबा कधीतरी पुन्हा येणार. वर नाव नसलं तरी आत बघावं. म्हणून त्या प्रत्येक डबा उघडायच्या, बघायच्या आणि चिकटवून ठेवायच्या.

"पण काकू, बघून कळणार कसं तुम्हाला?"

"तेच तर," त्या म्हणाल्या. "कळेल असं वाटलं होतं."

टेबलावरचं पाणी पुसत म्हणाल्या, "अरे, तरुणपणीच त्यांचे सगळे दात गेले. एवढा संसार केला, पण कवळी काढलेली मला एकदाही पाहू दिली नाही. मोरीचं दार लावून काढायचे. आजारी पडले तरी तसंच. डॉक्टरांनी पाहिलं, तू पाहिलंस. मीच तेवढी राहिले. आता तुझ्याकडे काय म्हणून मागू? माझ्या नवऱ्याच्या हिरड्या दे म्हणून?"

ताई, आता खरी गोष्ट अशी आहे की काम संपलं की मी साचे फोडतो. सगळेच फोडतात. ठेवायचे कुठे? छोटी खोली आहे, त्यात मेण, गॅस, मशीन. काकांचा साचा कवळी बसली त्याच आठवड्यात कचऱ्यात गेला. हे मला सांगायचं होतं, तोंड त्यासाठीच उघडलं होतं. आणि बाहेर काय पडलं तर, "आहे काकू. शोधून देतो."

का म्हणालो? शपथेवर सांगतो, मला माहीत नाही. दया आली म्हणावं तर मी आतून चिडलेलोच होतो, तो ठसा माझ्या डोळ्यांसमोर सुकत होता. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कुणाचाही द्या. त्यांना काय कळतंय?" आणि लगेच म्हणाली, "नको, कुणाचाही नको." म्हणजे तिचीही तीच गत.

आता मी काय देणार आहे, हे पुढच्या पत्रात. तू मात्र रागावू नकोस. रागावण्यासारखं अजून काही केलेलं नाही.

तुझा,
बारक्या

*

मंगळवार, २ एप्रिल

प्रिय ताई,

तुझी दोन पत्रं आली आणि मी उत्तर दिलं नाही. तिसरं येण्याआधी लिहितो आहे, नाहीतर तू गाडीत बसून येशील. खरं तर यावंस असंही वाटतं.

काकूंना साचा दिला. डबे आता दाराशीच राहतात, किंबहुना काकूच बेल वाजली की बाहेर येऊन उभ्या राहतात आणि माझ्या हातात देतात. डॉक्टर खूश आहेत. त्या बाईंची कवळी बसली, त्यांनी म्हणे दवाखान्यात गाणं म्हणून दाखवलं. बायको म्हणते, प्रश्न सुटला. सगळे तसंच म्हणतात. माझाच कुठे तरी सुटत नाही.

तू विचारशील, कुणाचा दिला. फळीवर दोन होते, पण ती जिवंत माणसं आहेत. त्यांतला एक आमच्याच गल्लीत किराणा आणायला येतो. त्याच्या जबड्यावरून काकू हात फिरवणार आणि तो खाली साखर मोजून घेणार, हे मला नको वाटलं. मग कपाटात, सगळ्यात वरच्या खणात, फडक्यात बांधलेला एक होता. तो काढला.

एवढं लिहून मी उठलो, चहा केला, प्यायलो, परत बसलो.

तो बाबांचा होता, ताई.

तू म्हणशील, साचे फोडतात ना? काम संपलं की फोडतात. बाबांचं काम संपलं नव्हतं. त्यांचे उरलेले दात काढले, हिरड्या भरून यायला महिने लागले, मग मी स्वतः ठसा घेतला, प्लास्टर ओतलं, मेणात दात लावायला घेतले आणि ते गेले. मेण वितळवून टाकलं. साचा ठेवला. रोज कपाट उघडायचो, पण त्या खणाकडे बघायचो नाही.

आणि जे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण त्यांनी शपथ घातली होती, ते आता सांगतो. शेवटच्या त्या महिन्यांत तू फोन करायचीस आणि मी म्हणायचो, झोपलेत. तू समजलीस की ते अजून रागावलेत, तू न सांगता लग्न केलंस ते त्यांनी मनातून काढलं नाही. ताई, ते झोपलेले नसायचे. माझ्या शेजारी बसलेले असायचे. दात नसल्याने त्यांचे शब्द फुसफुसत यायचे, मलाच अर्धे कळायचे नाहीत. हाताने खूण करायचे, नको, नको. तू फोन ठेवलास की मला म्हणायचे, "कवळी होऊ दे. मग बोलतो तिच्याशी. असं बोललो तर तिला वाटेल म्हातारा रडतोय." एवढ्यासाठीच त्यांना कवळी हवी होती. खायला त्यांना लापशीसुद्धा चालत होती.

तू विचारलंस, त्यांचं काही उरलं आहे का. हेच उरलं होतं. तुझ्याशी बोलण्यासाठी त्यांनी सुरू केलेलं आणि अर्धवट राहिलेलं काम. आणि तुझं पत्र खिशात असताना मी ते उचललं आणि समोरच्या घरात देऊन आलो.

का, ते मला विचारू नकोस. मी रोज स्वतःला विचारतो आणि रोज वेगळं उत्तर येतं. कधी वाटतं, परक्याचं देण्यापेक्षा आपलं दिलं, एवढं तरी बरं केलं. कधी वाटतं, तो खण रिकामा व्हावा अशीच माझी इच्छा होती आणि काकूंचं निमित्त झालं. कधी वाटतं, तुझ्यासमोर तो ठेवून हे सगळं तोंडाने सांगायची माझी हिंमत नव्हती. तिन्ही खरी असतील. तिन्ही खोटीही असतील.

काकूंनी तो हातात घेतला तेव्हा मी तिथेच उभा होतो. त्यांनी अंगठा फिरवला, हळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. डावीकडे बाबांची हिरडी खचलेली होती, तिथे त्या थांबल्या. म्हणाल्या, "इथे दुखत असणार ह्यांना. कधी बोलले नाहीत." दुखायचंच गं तिथे. बाबांनाही तिथेच दुखायचं. मी तोंड वळवलं आणि कूकरची शिट्टी झाली की काय असं काहीतरी बरळलो.

आता तो त्यांच्या रेडिओशेजारी असतो. त्या त्याच्याशी बोलतात. पॅसेजमधून ऐकू येतं. आज भाजी महाग मिळाली, वरच्या मजल्यावरच्यांनी पुन्हा पाणी सांडलं, असलंच. परवा मी त्यांच्याकडे बसलो होतो तर उठवेना. त्या म्हणाल्या, "तुला पण काकांची आठवण येते ना रे?" मी हो म्हणालो.

तुझा त्यावर हक्क आहे. माझ्याहून जास्त आहे. तू म्हणालीस तर मी त्याच दिवशी समोर जातो, काकूंना सगळं खरं सांगतो आणि बाबांना घेऊन येतो. त्यांना काय होईल ते होईल. नको म्हणालीस तर ते तिथेच राहतील, दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या नावाने, पण त्यांच्याशी दिवसभर कोणी तरी बोलेल. तू आणि ते, दोघांनीही किती वर्षं त्याचीच वाट पाहिली.

किंवा तू ये. समोर नेतो तुला, माझी बहीण म्हणून. काकू चहा टाकायला आत गेल्या की तू बोल त्यांच्याशी. जे बोलायचं राहिलं आहे ते. मी पॅसेजमध्ये थांबेन.

यातलं काय बरोबर ते मला खरंच कळत नाही. तू सांगशील तसं करीन.

तुला न विचारता बाबांना देऊन बसलेला,
तुझा बारक्या