पेडलवर कोण बसणार?

दादा,
तपासणीवाल्या साहेबाने बाबांच्या गाडीचं चाक न काढताच ‘ब्रेक ठीक’ असा खोटा शिक्का मारलाय. मी चाक काढून ब्रेकचा कॅलिपर खोलला, तर त्यातला पॅड दाबणारा पिस्टन गंजून जाम. तो साफ करून नवी सीलं घातली. पॅड बाबा घ्यायचे तेच आणले; त्यांच्यासारखेच कुरकुरतात, पण घट्ट धरतात.

आता ब्रेकच्या पाइपातली हवा काढायचीय, आणि ते एकटीचं काम नाही. बाबा चाकापाशी बसून ‘दाब’ म्हणायचे, तू पेडलवरून ‘दाबलं’ म्हणायचास, मी तेल झेलायला बाटली धरायचे. आता चाकापाशी मी आहे.

बाबा गेल्यावर मी गाडी विकू देणार नाही म्हटल्यापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. नको बोलूस. ‘दाबलं’ एवढंच म्हण. येतोस की नाही, याच कागदावर लिही.