चेनचं कव्हर

दिनेश,

मी जीपनं वाशीमले तुह्या आईजवळ चाललो. फटफटीची चेन पुसून ठेवली. आईच्या पदराचा तुकडा अजून तिच्यातच अडकेल होता. आता पातळ तेलच लाव, ग्रीसले माती धरते.

चेनचं कव्हर गोठ्यात ढेपीच्या पोत्यामागं हाय. परवा ग्रीस लावाले मीच काढलं अन् वांगे तोडाच्या घाईत बसवाचं राहून गेलं. तुह्या मागं बसेल आईचा पदर त्याच्यानंच गुतला. अन् काल दवाखान्यात सगळ्यायसमोर तुले म्हटलं, मायले पाडलं म्हणून.  तू घरी येऊन जेवला बी नाही.

कव्हर बसव अन् ये. आई तुलेच इचारून राह्यली. चारही स्क्रू या चिठ्ठीवर ठेवले. काल तुह्यावर वरडत होतो, तवा ते माह्याच खिशात होते.

बाबा