शाळेच्या आवारातला नळ

१० जानेवारी

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तू परदेशात पंप बसवत फिरतोस, त्या तुझ्या वस्तीच्या पाण्याचे पैसे एकदाचे जमले! कॉलेजच्या फाटकाशी आम्ही लोकांच्या गाड्या धुतल्या. पाण्यासाठी किती पाणी घालवाल, अशी प्राचार्यांनी थट्टा केली. माझे हात पार सोलवटलेत.

नळ कुठे बसवायचा यावर वर्गात मतदान झालं. तू चौकात म्हणतोस, पण शाळेचं आवार जिंकलं. मुलांचे फोटो दाखवूनच तर पैसे मिळाले. हात मीही शाळेसाठीच वर केला. रागावू नकोस. तुझ्या शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंची मुलगी चिमणी आता ओढ्याचं पाणी पिणार नाही, हे काय थोडं झालं?

आई विचारते, वेळेवर जेवतोस ना? आता लोभ वाढव, कारण मी मोठं काम केलंय.

तुझी,
ठमी

२८ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

नळ सुरू झाला. पाणी अगदी निवळशंख आहे. सोबतच्या फोटोत सगळ्यांच्या पुढे घुसलेली ती चिमणीच. शाळेत जायचं वय नाही, पण ओंजळ धरायला पहिली.

एक सांगतो, तोंड फुगवू नकोस. शाळा सुटली की शिपाई फाटकाला कुलूप लावतो. संध्याकाळी बायका बादल्या घेऊन बाहेर ताटकळतात. मुख्याध्यापकांना भेटलो. नळ शाळेच्या नावावर आहे, मोडला तर जाब त्यांना द्यावा लागेल, असं म्हणाले.

आईला सांग, जेवतो. लोभ आहेच, तसाच राहू दे.

तुझा,
दादा

१६ मे

चि. ठमीस,
अ. आ.

शाळेला मोठी सुट्टी लागली आणि फाटक बंदच झालं. माणसं पुन्हा ओढ्यावर जाऊ लागली. चिमणीला जुलाब लागले. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. काल ती गेली.

तुला बोल लावायला लिहीत नाही. माझ्या हातात पाना होता, समोर कुलूप होतं, आणि मी परगावी गेलेल्या मुख्याध्यापकांच्या उत्तराची वाट बघत बसलो. फार वाईट वाटतं गं.

दादा

२ जून

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं. अर्धं मी वाचलं, पुढचं मैत्रिणीनं. सगळे रडले. मग ठरलं की उरलेल्या पैशांतून नळाशेजारी चिमणीच्या आठवणीचा दगड बसवायचा. मला ते बरं वाटलं नाही. मतदानात वर केलेला हात सारखा आठवतो. तिच्या आईला विचारून कळवशील का?

माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल, तरी पत्र लिही.

ठमी

२० जून

चि. ठमीस,
अ. आ.

वेडी आहेस का? लोभ कशाला कमी होईल?

बाईंना विचारलं. त्यांनी शिवणयंत्र थांबवलं नाही. शिवण संपल्यावर दोरा तोडला आणि एवढंच विचारलं, की सुट्टी लागल्यावर तो दगड बघायला आत कसं जायचं.

तू वर्गाला विचार.

तुझा,
दादा