राखणदाराचं पान

आबा,

आज वाघबारस. आत्ताच टेकडीवरून खाली आलो. मंडळी पूजा उरकून, नारळ फोडून कधीच घरी गेली होती. मी मुद्दाम मागे राहिलो. वाघोबाच्या दगडापुढं केळीच्या पानावर भात, गूळ आणि यंदा कोंबडीचं कालवणसुद्धा. कारखान्याच्या वसाहतीतले लोकही आता पान ठेवायला येतात, आणि वर्षातून एकदा नव्हे, दर अमावास्येला. ओढ्याकाठच्या चिखलात बिबट्याची पावलं मी स्वतः पाहिली. नख उमटलेलं नव्हतं, म्हणजे कुत्रं नव्हे. लोक एवढं बघत नाहीत, मी बघतो. मागच्या आठवड्यात वसाहतीतलं एक कुत्रं त्यानं नेलं. कालपासून चहाच्या टपरीवर बंदुकीची भाषा सुरू झाली आहे. म्हणून लिहायला बसलो. हे सगळं आपण दोघांनी एकदा पाहिलेलं आहे.

भातकापणी झाली की तुम्ही खालापुराकडची माणसं जमवून दक्षिणेत कारवारच्या वरच्या जंगलात बांबूतोडीला न्यायचात, तिकडच्या कागदाच्या कारखान्यासाठी. तुम्ही मुकादम, मी ट्रकवर. गाडी मला कुणी शिकवली नाही. इंजिन उघडून, पुन्हा बसवून, एखादा नट का उरला याचं कारण शोधत शिकलो. तिथली कानडी अक्षरंही मैलाच्या दगडांवरून लावली. तुम्हाला या दोन्हींचं कौतुक होतं, पण तोंडावर कधी बोलला नाहीत. तिथं तुमचा एक नियम होता. हत्तींची जुनी वाट जिथून जाते तिथली दोन्ही अंगांची बांबूची बेटं तोडायची नाहीत. एकानं हाताशी आहे म्हणून तिथला बांबू पाडला, तेव्हा तुम्ही त्याच्या हातातून कोयता काढून घेतलात. "आपण त्यांच्या दारात आलोय रं. पावण्यानं घरधन्याच्या ताटात हात घालायचा नाय." ठेकेदाराचा माणूस हसला. "मुकादम, हत्ती काय पावती देणार हाय का?" तुम्ही म्हणालात, "आपण जिवंत घरी जाऊ ना, ती पावती."

आणि दुसरी रीत आपल्या गावची. जिथं कोयता लावायचा, तिथल्या राखणदाराला आधी पान वाढायचं. गावात राखणदार वाघोबा. तिथं कोण, ते ठाऊक नव्हतं. म्हणून तुम्ही त्या वाटेच्या तोंडाशी एक दगड मांडलात, शेंदूर लावलात, आणि रोज संध्याकाळी भात नि गूळ ठेवायला लागलात. सकाळी पान साफ. "राखणदार जेवला!" म्हणून माणसं हुरूपानं कामाला लागत. मी जाऊन माती पाहिली. परातीएवढं पाऊल. "आबा, हा देव नाय, हत्ती हाय." तुम्ही विडी पेटवलीत. "मग? देव काय तुज्या ट्रकनं यायला पायजे?" सगळा तळ हसला. मीही हसलो. बांबू खाणाऱ्याला आपण शिजलेला भात शिकवतो आहोत, हे त्या हसण्यात कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

गावात अजून सांगतात की हत्तीनं अख्खा तळ तुडवला. चूक. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटल्यामुळं मी गूळ घेऊन उशिरा पोचलो, म्हणून त्या संध्याकाळी पान ठेवलेलं नव्हतं. दिवेलागणीला मी गाडी बंद करतो आणि रातकिडे एकदम थांबतात. झाडीतून तो येतो, एकटाच, सुळेवाला. धावत नाही, चीत्कारत नाही. ठरल्या वेळी जेवायला यावं तसा येतो. स्वयंपाकाच्या झोपडीची कुडाची भिंत सोंडेनं उचलून बाजूला ठेवतो, टाकत नाही, ठेवतो. आत तळावर रांधणारी मावशी हातात पळी घेऊन उभी. "थांब रं बाबा, वाढते," एवढंच तिच्या तोंडून निघतं. तांदळाचं पोतं घेऊन तो आला तसा गेला. मावशी खाली बसली आणि हसायला लागली, आणि ते हसणं थांबेना. तुम्ही मात्र त्या बाजूला ठेवलेल्या भिंतीकडे बघत होता. "ह्याला आपणच बोलावलंय," तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज तसा मी आधी कधी ऐकला नव्हता.

मग पलीकडच्या वाडीत त्यानं गुळासाठी एका घराची भिंत काढली, आणि आतला म्हातारा आढ्याखाली दबून गेला. जंगलखात्याचा बंदूकवाला साहेब आला. तुम्ही हात जोडलेत. "साहेब, चव आमी लावली. धरायचं तर आमाला धरा." साहेब वाईट नव्हता, थकलेला होता. "मुकादम, चटक लागलेला हत्ती सुटत नाही." "सुटंल. थोडं दिवस द्या." तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. तुम्ही शेंदराचा दगड उपटलात, गूळ नदीत सोडलात, तळ पलीकडच्या काठावर हलवलात. माणसं बिथरली. "राखणदाराला उपाशी ठेवून कोयता चालवायचा? मुकादम, तुमी आमाला मारणार!" निम्मी माणसं बोचकी बांधून निघून गेली. हत्ती काही आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. तुम्ही थोडं थोडं जेवायला लागलात.

मग एका भर दुपारी मी ट्रकमध्ये बांबू भरतो आहे आणि बार होतो. एकच. आपण दोघं धावत गेलो. त्याच जुन्या वाटेवर, तुम्ही राखलेल्या बेटापाशी तो पडला होता. तोंडात बांबूचा पाला होता, अर्धा चावलेला. तुम्ही वाकून तो पाला बघितलात आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "परतला होता रं."

त्यानंतर तुम्ही तोडीला गेला नाहीत. वाघबारशीला वाघोबापुढं नुसतं कुंकू वाहून यायचात, पान नाही. "मुकादमानं देवालाच उपास धरायला लावला," असं लोक तोंडावर बोलले. तुम्ही गेल्यावर पानं पुन्हा सुरू झाली. मी सांगून पाहिलं. डोंगर निम्मा उघडा पडलाय, वरती भेकर नाही, ससा नाही. अशा उपाशी जनावराला घराची वाट दाखवू नका, असं पुराव्यानिशी सांगितलं. "दोन पुस्तकं वाचली म्हणून देवाला शिकवतो काय?" पुस्तकं दोन नव्हेत, पण ते असो. आज खाली येताना टपरीवर ऐकलं, कुणीतरी खालापुराला जाऊन बंदुकीची परवानगी काढणार आहे. टेकडीवर रातकिडे अजून वाजताहेत. मी मधूनमधून लिहायचं थांबून ऐकतो.

हा कागद मी ट्रकच्या हत्यारपेटीत जॅकखाली ठेवणार. ती पेटी माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. पान सकाळी रिकामं दिसतं म्हणून गाव खूश आहे, वाघोबा जेवला म्हणतं. तो जेवत नाही, आबा. लोक उतरले की ते पान मी उचलतो आणि उतारावरच्या कातळावर बसून खातो. अन्न टाकायचं नाही, हे तुमचंच. भात खातो, कालवण खातो. गूळ तेवढा घशाखाली उतरत नाही. तो ओढ्यात सोडतो, आणि रिकामं पान परत दगडापुढं ठेवतो.