फिलूमावशीचा हात

मंगळवार, संध्याकाळ

स्वयंपाकाला हातच लागत नाहीये. आज कारखान्यात सुपरवायझर म्हणून पॅकिंगच्या बायकांना मी विचारलं, सुट्टी रविवारऐवजी शुक्रवारी चालेल का? गोखिवऱ्याची आमची कंपनी आता जर्मन मालकाची. त्यांचा नियमच आहे, कामगारांना विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही. मला तो पटलाही होता. हात वर करा म्हटलं, भराभर झाले. सगळ्यात शेवटी फिलूमावशीचा, तोही जेमतेम खांद्यापर्यंत.

मावशी चर्चमधली रविवारची मिस्सा कधी चुकवत नाही. मला माहीत होतं ना? मग तो हात मी होकारात धरला कसा?

सुटताना विचारलं, "मावशी, नको होतं तर हात कशाला वर केलास?"

"सगळ्यांनी केला, बाय. मी एकटी कशी बसू?" चप्पल घालत म्हणाली, "आदी तुमीच ठरवायचे. तवा तुमच्यावर रागवता तरी यायचं. आता कोनावर रागवू?"

मालकांना मेल लिहून ठेवलाय, 'सर्वांची संमती आहे.' सकाळी पाठवायचाय. डोळ्यांसमोर तो खांद्यापर्यंतचा हात. उद्या पुन्हा विचारू? पण माझी अडचण नको म्हणून ती पुन्हा वर करेल. आणि या वेळी पूर्ण वर.