वाकडे हेड तसेच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
पाणी तपासणी प्रयोगशाळा.

विषय : टेपरेकॉर्डर (जडवस्तू नोंद क्र. ११) दुरुस्त न करणे, भंगारात न काढणे, तसेच त्यासोबतची राखीव कॅसेट न पुसणे याबाबत.

संदर्भ : १) जुने साहित्य निकाली काढण्याबाबत आपले परिपत्रक, दि. २ जून.
२) मेकॅनिकचा शेरा, दि. ९ जून : "हेड वाकडे आहे. सरळ करून घ्यावे, नाहीतर भंगारात द्यावे."

महोदय,

१. वरील टेपरेकॉर्डर गेली सात वर्षे माझ्या ताब्यात आहे. तपासणी करताना हात ओले आणि बहुधा आम्लाचे असतात, त्यामुळे आमच्याकडे आकडे लिहीत नाहीत, मोठ्याने बोलतात. सकाळी कॅसेट मागे नेऊन काउंटर शून्यावर आणायचा, बटण दाबायचे आणि दिवसभराचे आकडे सांगायचे. संध्याकाळी टंकलेखिका बाई ते ऐकून रजिस्टरात उतरवतात. दुसऱ्या दिवशी त्याच कॅसेटवर नवे आकडे. एखाद्या वस्तीतून गढूळ पाण्याची तक्रार आली, तरच त्या दिवसाची कॅसेट मोहोरबंद करून तीन वर्षे राखून ठेवतात, आणि मुदत संपल्यावर रजिस्टराशी एकदा ताडून पुसतात. येथवर आपणास सर्व ठाऊक आहे.

२. यंत्राची निगा मी नियमाप्रमाणे राखली आहे. उन्हात ठेवले नाही. सेल संपले की त्याच दिवशी काढले, आत पाझरू दिले नाहीत. दर शनिवारी काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून दोन्ही हेड पुसली. यातले पहिले हेड जुना आवाज पुसते व दुसरे नवा लिहिते. पहिल्यावर कॅसेटची तपकिरी भुकटी बसली तर फीत त्याला नीट टेकत नाही आणि जुना आवाज पुरता पुसला जात नाही. म्हणून निगावहीत दर शनिवारी "साफ केले" असे लिहून माझी सही आहे.

३. त्यांपैकी एक सही खोटी आहे. तीन वर्षांपूर्वीच्या जून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी हेड पुसली नाहीत. पुसल्याचे लिहिले, यंत्र पिशवीत घातले आणि परवानगी न घेता घरी नेले. ही कबुली मी कोणाच्या दबावाखाली देत नाही.

४. कारण असे. माझी आई कपडे शिवत असे. तिची नजर गेली होती, आणि चाळीस वर्षांच्या गिऱ्हाइकांची मापे तिच्या फक्त डोक्यात होती. पुढे शिलाई मशीन वहिनी चालवणार होती. मापे सांगते, तू उतरवून घे, असा तिचा लकडा होता. मी म्हटले, लिहिण्यापेक्षा टेप करू. रविवारी दुपारी तिला खिडकीपाशी बसवले. नवी कॅसेट आणायला गेले तर दुकान बंद होते. यंत्रात कार्यालयाची होती तीच वापरली. सोमवारी बदलून घेईन असा विचार केला होता.

५. आईने पाऊण तास मापे सांगितली. मग म्हणाली, "आता तू जरा बाहेर जा. शेवटी तुझ्यासाठी एक बोलून ठेवते. एकटी असशील तेव्हा ऐक." मी स्वयंपाकघरात गेले. दार लावून घेतले होते, त्यामुळे काही ऐकू आले नाही. बाहेर आले तेव्हा तिचा हात बटणावर होता. "झालं," एवढेच म्हणाली.

६. सोमवारी सकाळी मी यंत्र टेबलावर ठेवले, कॅसेट मागे नेली, काउंटर शून्यावर आणला आणि बटण दाबले. हे हातांनी केले. दररोज करतात तसे केले. मला विचारले नाही. लक्षात आले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि तीस नमुन्यांचे आकडे त्यावर चढले होते. त्याच दिवशी गढूळ पाण्याची तक्रार आली आणि कॅसेट मोहोरबंद होऊन आपल्या कपाटात गेली. शास्त्र शिकलेली असल्यामुळे मी शोध घेतला नाही. पुसलेले ते पुसलेले, असे मला शिकवलेले होते.

७. त्या आठवड्यात आईने विचारले, "ऐकलंस का गं?" मी म्हटले, ऐकले. ती म्हणाली, "मग? करशील ना तसं?" मी म्हटले, करीन. महोदय, यापुढे ती चार महिने होती. मध्येच माझ्याकडे चेहरा करून विचारायची, "आठवण आहे ना?" मी म्हणायची, आहे. तेवढ्याने तिला बरे वाटत असे. वहिनीने मापांची कॅसेट मागितली तेव्हा ती कार्यालयात अडकली आहे असे सांगितले. खरे सांगायचे धैर्य मला रोज उद्या येणार होते.

८. ती गेल्यानंतर मी तिने काय सांगितले असेल याची यादी केली. एकूण सतरा बाबी निघाल्या. त्यांपैकी चौदा आजवर पूर्ण केल्या आहेत. भावाशी बोलणे सुरू केले. दुखरी दाढ काढून घेतली. उभ्याने जेवणे सोडले. शिलाई मशीन वहिनीला दिले आणि दर महिन्याला जाऊन स्वतः तेल घालते. वहिनी म्हणते, "अहो ताई, इतकं तेल प्यायलं तर मशीन चालायचं सोडून पोहायला लागेल." तिला कारण माहीत नाही. तीन बाबी माझ्याच्याने होण्यासारख्या नाहीत, आणि नेमकी त्यांतलीच एक असेल तर, हा विचार बहुधा दुपारी, नमुने गाळून होण्याची वाट पाहताना येतो.

९. दि. ५ जून रोजी टंकलेखिका बाईंनी ती कॅसेट पुसण्यापूर्वी ताडून पाहण्यास घेतली. तीन वर्षांपूर्वी घाईने आकडे उतरवताना हेडफोन नव्हते व त्यांच्या काही लक्षात आले नव्हते; या वेळी थोड्या वेळाने हेडफोन काढून त्या माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही आकडे सांगताना मागे कोणी बसायचं का हो? कोणीतरी बाई बोलतायत. छाती छत्तीस म्हणतायत." मी म्हटले, कोणी बसत नसे. त्या म्हणाल्या, "मग मी घरी जाते आज लवकर." त्या दिवशीची त्यांची अर्धी रजा या कारणाने आहे, तरी ती मंजूर व्हावी.

१०. दि. ११ रोजी आपल्या लिपिकासमोर मला ती कॅसेट एकदा ऐकू दिली, त्याबद्दल आभारी आहे. न पुसलेल्या हेडमुळे आईचा आवाज राहिला आहे. तो माझ्या आवाजाखाली आहे, आणि मी थेंब मोजत गप्प बसते तेथे वर येतो. मी म्हणते, नमुना तीन, क्लोरीन शून्य पूर्णांक दोन. ती म्हणते, "पोस्टातली बाई, डावा खांदा अर्धा इंच उतरता, तिला सांगू नकोस, आतून कापड लाव." मी म्हणते, नमुना पाच, गढूळपणा बारा. ती म्हणते, "डॉक्टरीण सांगते कंबर तीस. आहे चौतीस. तोंडावर बोलायचं नाही, गुपचूप सोडायचं." लिपिक हसले. मग हसू थांबवून त्यांनी खिडकी बंद केली, आवाज नीट यावा म्हणून.

११. नंतर हीच कॅसेट विभागाच्या नव्या यंत्रावर लावून पाहिली. त्यावर फक्त मी आहे. आकडे स्वच्छ, मधल्या जागा रिकाम्या. याचे कारण साधे आहे. आमच्या यंत्राचे हेड किंचित वाकडे आहे, आईचा आवाज त्याच वाकड्या हेडाने लिहिला गेला, आणि इतका क्षीण आवाज तसेच वाकडे राहून वाचले तरच उमटतो. मेकॅनिकने स्क्रू पाव फेरा फिरवला की ती बोलायची थांबेल. तो मनुष्य कामाचा चोख आहे, म्हणून ही घाई.

१२. काउंटर ३८८ वर ती म्हणते, "हं, आता हे तुझ्यासाठी." त्यानंतर लगेच मी नमुना सत्तावीसचे आकडे सांगू लागते. ब्युरेट, म्हणजे थेंब मोजायची नळी, सुरुवातीस शून्य, अखेरीस अकरा पूर्णांक चार, पुन्हा केले, अकरा पूर्णांक चार. सुमारे आठ सेकंद. त्या आठ सेकंदांत मी काय बोलले ते रजिस्टरात शब्दशः आहे. ती काय बोलली ते कोठेच नाही. मग मी थांबते आणि तिच्या वाक्याचे शेपूट ऐकू येते : "…तेवढं मात्र करशील ना?"

त्यावर कॅसेटमध्ये मी म्हणते, "होय."

१३. खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. ते 'होय' प्रयोगशाळेतील काकांना होते. ते मोरीपाशी बाटल्या विसळत होते आणि त्यांनी तेथून "सत्तावीस नंबरचीच ना ही?" असे विचारले होते. लक्ष देऊन ऐकल्यास त्यांचाही आवाज येतो. मला हे पूर्णपणे समजते. तरीही लिपिकाने कॅसेट थांबवल्यावर मला खुर्चीतून उठायला वेळ लागला, कारण तिच्या बाजूने पाहता तिने विचारले आणि मी उत्तर दिले, आणि उत्तराच्या आवाजात कसलाही संकोच नाही.

१४. सबब विनंती की,
(अ) येत्या ३० तारखेस कॅसेट पुसू नये;
(आ) यंत्राचे हेड सरळ करू नये, व यंत्र मेकॅनिकच्या हाती देऊ नये;
(इ) प्रत्येक वेळी ऐकताना फीत झिजते, म्हणून ती कोणीही, मी धरून, सहज लावू नये;
(ई) विद्यापीठात ध्वनी शिकवणाऱ्या माझ्या जुन्या बाईंना याच यंत्रावर ते आठ सेकंद एकदा तपासू द्यावेत. माझे आकडे माहीत असल्याने ते वजा करता येतील असे त्यांना वाटते. खात्री देत नाहीत.

१५. खोट्या सहीबद्दल माझ्या सेवापुस्तकात जी नोंद करायची ती अवश्य करावी, मी हरकत घेणार नाही. मात्र त्या शनिवारी मी काम चोख केले असते तर आज विनंती करण्यासारखे काहीच उरले नसते, हेही नोंदीत यावे.

१६. त्या तपासणीत वाक्य सापडले आणि ते अगदीच किरकोळ निघाले, म्हणजे दूधवाल्याला सांग किंवा पडदे धुऊन टाक असे, तरी मला कळवावे. ते मोठे असावे अशी माझी अपेक्षा नाही. उत्तर माझ्याकडून तीन वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. त्याचा प्रश्न तेवढा मिळावा.

आपल्या निर्णयापर्यंत यंत्र माझ्या टेबलावर, फडक्याखाली, जसे आहे तसे ठेवले आहे.

हेड पुसण्यास नेमलेली आपली कर्मचारी,

(सही)
कनिष्ठ रसायनशास्त्रज्ञ
दि. १४ जून

सोबत :
१) निगावहीतील त्या शनिवारच्या पानाची प्रत, खोट्या सहीखाली खूण करून.
२) कॅसेटवरून उतरवलेली एकवीस गिऱ्हाइकांची मापे. (वहिनीस एक प्रत दिली आहे.)
३) सतरा बाबींची यादी. पूर्ण झालेल्यांपुढे तारीख आहे. अठराव्या बाबीसाठी खाली जागा सोडली आहे.