पट्टी बांधलेल्यांचं जेवण

आई,

काल नव्या मशीनच्या उद्घाटनाला तुझ्या दवाखान्याचा इतिहास सांगायला मला स्टेजवर बोलावलं होतं. तिथूनच निवृत्त झालेली सिस्टर म्हणून. लकडगंजातल्या व्यापाऱ्यांनी लाकडाच्या वखारीतली एक शेड रिकामी करून गरिबांसाठी डोळ्यांचा दवाखाना काढला, हे सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. मग मी स्वयंपाकघरावर आले. तेव्हा मोतीबिंदू काढला की दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून माणसाला दिवसचे दिवस उताणं निजवत, आणि घरचा हातमाग बंद पडल्यावर तिथे स्वयंपाकाला लागलेली माझी आई त्यांना आपल्या हातानं भरवायची, एवढं बोलले तोच तिथला तरुण व्यवस्थापक कानाशी आला, "मॅडम, आता जरा नवीन मशीनबद्दल बोला ना." मी माइक त्याच्याच हातात दिला आणि खाली उतरले.

शाळा सुटली की मी तुझ्याकडे यायचे. एकदा तू मला एका म्हाताऱ्याला भरवायला बसवलंस. मी भराभर घास कोंबतेय, त्याला ठसका लागतो, आणि तू सगळ्या वॉर्डासमोर ओरडतेस, "काहून घाई करून राहिली वं? त्याले दिसत नाही. घास येऊन राहिला म्हणून आधी सांग त्याले!"

ते स्वयंपाकघर पाडलं. तिथे आता काचेचं कॅफे आहे. ऑपरेशन झालं की त्याच दिवशी सुट्टी, मग स्वयंपाकघर कशाला, म्हणतात. खोटं नाही ते. पण काल बाहेर कन्हानचं एक म्हातारं जोडपं पायरीवर डबा उघडून बसलं होतं आणि गार्ड त्यांना उठवत होता, "इथं नाही जेवाचं, कॅफेत जा." मी त्याच्यावर इतकी ओरडले की आतले पाहुणे बाहेर आले. दोघांना घेऊन मी सरळ पाहुण्यांच्या जेवणाला जाऊन बसले. म्हाताऱ्याच्या एका डोळ्यावर ऑपरेशनचं झाकण. मी म्हटलं, "बाबा, उजव्या हाताले वरण हाये." तो हसला. "दिसते न बाई मले, चांगलं दिसते!" मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

घरी आले तरी धुसफुस चालूच. आधी वाटलं, राग दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टवर आहे. तू आता नाहीस, हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून खरं लिहिते. तू दमून यायचीस आणि भिंतीला टेकून डोळे मिटायचीस. मी माझं वाढून घेऊन एकटीच जेवायचे. त्या पट्टीवाल्या माणसांचा मला हेवा वाटायचा, आई. अजून वाटतो.